हिरवं बटण

— हो, हिरवंच दिसणार, जावईबापू. सकाळपासून नारिंगी लिहिताय, ब्राउझर ढुंकून बघत नाही, आणि तुम्ही आपले तेच पुन्हा सेव्ह करताय — बहिऱ्याला दहादा सांगितलं की ऐकू येतं का? बसा. तिथं नको, ती माझी खुर्ची. स्टुलावर बसा. बाबांनी सांगितलंय ना, संध्याकाळपर्यंत 'ऑर्डर द्या'चं बटण नारिंगी करून दाखवा, उद्यापासून वेबसाइट तुमची? कळलंय मला. धाकटीनंच सांगितलं — तुमची बायको असली तरी आधी माझी बहीण आहे ती.

एकाच बटणाला दोन नियम दोन रंग सांगतात, तेव्हा ब्राउझर कसं ठरवतो? नियमाचं वजन बघतो. तुम्ही काय लिहिलंत, तर सगळी बटणं नारिंगी. म्हणजे गर्दीत 'अहो' म्हणून हाक मारायची, कोण वळणार? त्याहून क्लास जड — 'अहो चष्मेवाले' म्हटल्यासारखं, क्लासहून आयडी जड — नाव घेऊन बोलावल्यासारखं. शंभर क्लास आले तरी एका आयडीला हलवत नाहीत. आणि वरून खाली उतरतो तो रंग? बाहेरच्या चौकटीला सांगितलं की आतल्या अक्षरांना आपोआप मिळतो, फुकटात — पण त्याला वजन शून्य. आतल्याला कुणी किरकोळातल्या किरकोळ नियमानं थेट सांगितलं की वरून आलेलं गेलं. थोरला आहे, आपोआपच येणार आपल्याकडे, असं धरून एखादा आयुष्यभर बसला, आणि बापानं थेट जावयाला — असो. बटणाचं बोलत होतो.

आयडी लावून बघताय? लावा की. तरी हिरवंच, कारण माझ्या ओळीत एक सोडून दोन आयडी आहेत, वर इम्पॉर्टंट लिहिलंय, उद्गारचिन्हासकट. त्याच्यापुढे साध्या नियमाची डाळ शिजत नाही. शहाणी माणसं ते अगदी नाइलाज झाला तर वापरतात. मी पानभर पेरलंय. का म्हणजे? माझ्याशिवाय कुणाला इथं काही हलवता येऊ नये म्हणून. दुसरं आहे काय माझ्याकडे? कुलपांचा कारखाना बाबा बघतात, हिशेब धाकटी बघते, गिऱ्हाइकांशी गोड तुम्ही बोलता. माझ्याकडे हे बटण आहे.

तुम्हीही इम्पॉर्टंट लिहिलंत तर? लिहा हो. दोन इम्पॉर्टंट समोरासमोर आले की पुन्हा वजनच बघतात, म्हणजे मीच. आणि वजनही सारखं निघालं तर — तर काय, जो खाली लिहिलेला, जो शेवटी बोलला, त्याचं खरं. आपल्या घरात उलटं, तिथं बाबा पहिल्यांदा बोलतात आणि तेच शेवटचं असतं. पण माझ्याइतकं वजन आणणार कुठून तुम्ही? त्याला आधी —

काय टाइप करताय? बघू. माझीच ओळ उचलून खाली चिकटवलीत? आणि हिरव्याच्या जागी...

झालं की नारिंगी.

धाकटी म्हणाली होती, हे बोलत नाहीत फारसं, ऐकून घेतात. मला वाटलं, बावळट आहात असं म्हणतेय.

रंग घाण दिसतोय, एवढं सांगून ठेवतो. नाही, बाबांना मी सांगणार नाही, तुमचं तुम्ही सांगा. जा. आणि उठा त्या स्टुलावरून, आता तिथं मला बसायचंय.