त्या सोमवारचं मौन

मौनच धरलं होतं मी, उपास नाही – दर सोमवारी, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. तू तेव्हा धाकटी सून होऊन आली नव्हतीस. वन्संची दृष्टी गेली, आणि हे नि भावोजी बहिणीसाठी प्रोग्राम लिहायला बसले – पडद्यावरची अक्षरं कॉम्प्युटरने बोलून दाखवायची. म्हटलं, देवा, त्याला वाचा फुटू दे, तोवर माझी तुझ्याकडे गहाण. आणि फुटली की गं! ह्यांच्या नव्या कॉम्प्युटरवर असं घडाघडा वाचलं – डोळे भरून आले माझे. पण वन्संचा कॉम्प्युटर जुना, त्यातली सिस्टीम जुनी, तिच्यात आवाज मुळात नसतोच, वेगळा घालावा लागतो – हे मला काय ठाऊक? तसलाच एक आमच्या आतल्या खोलीत पडून होता. सोमवारी पुसता पुसता सहज प्रोग्राम उघडला, तर चकार शब्द नाही. पडद्यावर नुसती ओळ – ‘आवाज सापडला नाही’. लिहून! जिला दिसत नाही तिने ती वाचायची कशी? बाहेर हे वन्संना पाठवायची डिस्क पाकिटात घालत होते. सांगायला नको होतं? हवंच होतं. चिठ्ठी तरी – पण मौनात लिहिणं म्हणजेही बोलणंच, अशी मी मनाची समजूत घातली. खरं सांगू? व्रताचं काही नव्हतं. वहिनीचं मौन फळलं, हे मला चार जणांच्या तोंडून ऐकायचं होतं; प्रोग्राम अडलाय म्हटलं तर ते कोण म्हणणार?

वन्सं नऊ दिवस त्या मुक्या खोक्यापुढे बसून होत्या. आपलीच बोटं चुकतात, म्हणून कुणाला विचारलंही नाही. शेवटी फोनवर म्हणाल्या, “वहिनी, डोळ्यांमागून अक्कलही गेली वाटतं माझी.” – मग ह्यांनी जुन्यातही आवाज बसवला, आता छान चालतं. पण ‘चूक माझीच, जुन्यावर बघायला हवं होतं मी,’ असं हे अजून म्हणतात, आणि मी भांडी विसळत ऐकून घेते.

आता उद्या त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती वन्संसारख्या दीडशे जणांच्या घरी जायची, आणि तू मौनाचे नियम विचारायला आलीस – नियम सांगेन गं, पण मघापासून तुझी नजर का ठरत नाहीये? तूही ती जुन्यावर उघडून बघितलीस ना? पुन्हा मुकीच ना? अगं, मान खाली घालू नकोस. व्रत मोडलं म्हणून देव रागवत नाही, मी विचारलंय त्याला. हे आत्ता येतील. आल्या आल्या मी सांगणार आहे – त्या सोमवारी जे पाहिलं ते, आणि का गप्प बसले तेही. तूही घरी जा, भावोजींना सांग. चहा राहू दे. जा.