हलवलेला स्टॉप

चामराजपेटच्या बस स्टॉपवर अनुसूयाक्का जप करत बसल्या होत्या. शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं कानावर आलं, आणि नाम ओठांतच राहिलं.

“इतकी वर्षं सरकारी नोकरी करून हौसेनं पब्लिक पॉलिसी शिकायला गेलात. मग आज तोंड का पाडून बसलात?”

“वर्गात हाच स्टॉप चर्चेला होता, सुप्रीता. हॉस्पिटलच्या गेटापासून एवढा लांब कुठल्या शहाण्यानं हलवला, म्हणून पोरं हसली.”

“तुम्हीच हलवलात ना?”

“नकाशावर बरोबर वाटलं होतं गं. आज मीही त्यांच्यात हसलो.”

“आणि उद्या?”

“उद्या बोलायची पाळी माझी. खरं सांगितलं तर वर्गात तोंड कसं दाखवू?”

“मला काय विचारता? इथं चालत येतात त्यांना विचारा.”

तो अनुसूयाक्कांकडे वळला.

“अक्का, हॉस्पिटलातनं चालत आलात? लांब पडतं का?”

“स्वल्प पडतं. गुडघे धरतात, म्हणून बसत बसत आले.”

“उद्या आमच्या वर्गात तुमचं नाव सांगितलं तर चालेल?”

“माझं कशाला, अण्णा? तुमचंच सांगा की.”