डॉक्टरांनी विचारलेली अडचण

मी मूळची टेंभुर्णीची, लग्न होऊन बदनापूरला आले. दहावी शिकले, वाचायची लय आवड, पण काय सांगू तुम्हाला ताई, काही गोष्टींचं नाव घ्यायचं न्हाई हे त्याच्याही आधी शिकले. पाळीला आमच्यात अडचण म्हणतेत, तेवढंच. माझी वर्षा, एकुलती एक, चौदाव्या वर्षापासून दर महिन्याला पोट धरून लोळायची, आन् मी म्हणायचे, सगळ्या बायकांना असतं, तूच काय नखरे करून राह्यली. तिचे वडील म्हणायचे, अगं पोरगी पांढरी पडली, जल्दी दवाखान्यात ने. मी म्हणायचे, लग्न ठरायचंय तिचं, गावभर कशाला करता.

शेवटी जालन्याला नेलं, तवा ती चोवीसची. डॉक्टर पुरुष. त्यांनी तिला विचारलं, काय अडचण आहे? मला वाटलं, तपासायच्या आधी पाळीचंच विचारून राह्यले. ती तोंड उघडायच्या आत मीच बोलले, न्हाई न्हाई, आता अडचण न्हाई, चार दिवसांमागंच सरली. डॉक्टर म्हणाले, मंग पित्त असेल, आन् गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर वर्षा म्हणाली, आई, त्यांनी दुखणं विचारलं होतं. मला कळलं होतं ताई, तिथंच कळलं होतं. पण परत आत जाऊन काय सांगायचं, लाज वाटली. मी म्हणाले, चल, गाडी चुकंल.

त्या गोळ्यांवर पोरीनं पाच वर्षं काढली. लग्न झालं, मूल राहिना, संडासला बसली तरी रडायची. मंग संभाजीनगरला डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, पाच तास. गर्भपिशवीच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढून आतड्याला चिकटलं होतं, बीजकोषांत काळ्या रक्ताच्या गाठी. आतड्याचा तुकडा काढावा लागला, एक बीजकोष गेला. बाई म्हणाल्या, इतके दिवस कुठं होतात? हे म्हणाले, आमची चूक झाली. आमची म्हणाले ताई. मागच्या साली ते गेले, ती अर्धी चूक घेऊनच गेले.

वर्षाचं दुखणं आता लय कमी आहे. मुलाचं बाईंनाबी सांगता येत न्हाई. ती रोज फोन करते, जेवलीस का विचारते. मी माफ कर म्हणायला तोंड उघडते आन् भाजी काय केली ते विचारते. तुम्ही हे लिहून घ्या, ती वाचणारी पोरगी आहे, वाचंल. देव तिला सुखात ठेवो. आन् माझं नाव बदलू नका, कुसुमच लिहा.