वर्दी गोठ्यात बदलून ये

नाही, बस तू, उठू नकोस — विमान कुठं पळून जात नाही, धसकटात रुतून बसलंय ते. आमचे हे घोडा घेऊन शेजारच्या फार्मवर गेलेत, त्यांच्याकडे फोन आहे, तिथून तुमच्या तळावर कळवतील, मग येईल गाडी. तोवर हे पी. खरी कॉफी नव्हे, भाजलेल्या जवाची आहे, कडू लागेल — इंग्लंडचा ना तू? बोलण्यावरून वाटलं. पाव घे.

त्या खुंटीकडे बघतोयस होय? हो, तुझ्यासारखीच टोपी आहे, पुढं पांढरी पट्टी, शिकाऊ पोरांची. आमच्या मुलाची, कोर्नीची. कॉर्नेलियस नाव, पण कोर्नीच म्हणायचे सगळे. आम्ही मेनोनाइट, ख्रिस्ती पंथ आमचा, घरात जर्मन बोलतो — ऐकलंयस ना? आम्ही शस्त्र धरत नाही. रशियात होतो तेव्हाही धरलं नाही. तिथं टोळीवाले घरात शिरले, माझ्या भावाला चुलीपुढं मारलं, आणि तो शेवटपर्यंत त्यांना बसा, जेवून जा म्हणत होता. म्हणून तर इकडे कॅनडात, सास्काचेवानला आलो, कोर्नी तेव्हा पाळण्यातला. मग हे युद्ध लागलं. ओहम पेनर — ओहम म्हणजे आमच्या मंडळीचे वडीलधारे, प्रवचन तेच करतात — आमच्या मुलांना घेऊन न्यायाधीशापुढं उभे राहिले, ही लढणार नाहीत म्हणाले. सरकारनं ऐकलं, नाही असं नाही. उत्तरेच्या जंगलात धाडलं, झाडं तोडायला, रस्ते करायला. कोर्नी एक हिवाळा राहिला तिकडे. परत आला, आणि डुकरं विकायला म्हणून शहरात गेला तो हवाई दलात सही करून आला.

का? मीही विचारलं. गावातली पोरं त्याला भित्रा म्हणून चिडवायला कोंबडीसारखी ओरडायची, मला वाटलं त्यापायी. तर म्हणाला, "नाही आई, त्याचं काही नाही. शाळेतला डेव्ही नौदलाच्या बोटीवर होता ना, बुडाला तो. त्याची आई दुकानात भेटली. म्हणाली, कसा आहेस कोर्नी, तब्येत बरी ना? इतकं चांगलं बोलली गं. तेच सोसेना." मी मोजे विणत होते, विणत राहिले.

भरतीच्या वेळी म्हणे डॉक्टरनं डोळे बांधून खुर्चीत गरगर फिरवलं, आणि विचारलं, आता कुठल्या बाजूला फिरतोयस सांग. हसत सांगायचा. विमान चालवायचं होतं त्याला, पण उतरवताना फार उसळायचं — तुझ्याहून वाईट, तू निदान सरळ तरी उतरलास — मग काढलं त्यातून. हिशेबाला पक्का होता, म्हणून बॉम्ब टाकायला शिकवायला घेतलं. नाताळाला सुट्टीवर आला. दारात उभा, वर्दीत, खांद्यावर बर्फ. किती देखणा दिसत होता, हे मी कुणाला बोलले नाही. आमचे हे म्हणाले, "गोठ्यात कपडे बदलून ये." थंडी अशी की बादलीतलं पाणी घट्ट झालेलं. गेला मुकाट्यानं. गाईंमध्ये उभं राहून बापाची जुनी विजार घालून आला, टेबलाशी बसला. बापानं पाव पुढं केला, त्यानं घेतला. भांडण नाही, काही नाही — दोघं हवामानाबद्दल बोलले. जेवणानंतर माझ्यासोबत बशा पुसत होता, तेव्हा सांगायला लागला — विमानाच्या नाकात पालथं पडायचं, खाली काच, सरोवर गोठलेलं, त्यावर लाकडाची खूण, आणि धुराचे खोटे बॉम्ब. "सगळ्यांत जवळ माझाच पडतो, आई." लहान असताना गुण सांगायचा ना, तसा. आणि मग एकदम थांबला. म्हणाला, "तिकडे जर्मनीत खाली घरं असतील. आपलीच भाषा बोलत असतील ती माणसं." मी बशी पुसत होते. पुसलेलीच पुन्हा पुसली.

तिकडे गेलाच नाही तो. निघायचं ठरलं होतं, आगगाडीचा पास आला होता, आणि शेवटच्या सरावात धुक्यात दोन विमानं एकमेकांना घासली. सरोवरावरच. सगळे गेले. ओहम पेनर आले, भले आहेत ते, डोळे भरून आले होते त्यांचे. म्हणाले, दफनभूमीत जागा देऊ, पण कडेला, कुंपणाशी, आणि झेंडा नको, वर्दी नको. आमचे हे खाली बघून ऐकत होते. मग म्हणाले, "ओहम, मी त्याला एकदा थंडीत कपडे बदलायला लावलं. आता नाही लावणार." एवढंच. दोन दिवस एकटे खणत होते, जमीन अजून वितळली नव्हती. शेताच्या त्या टोकाला आहे तो. हवाई दलाची पोरं आली होती, त्यांना बंदुका झाडायच्या होत्या. ह्यांनी तेही नको म्हटलं. पोरांनी ऐकलं, टोप्या काढून उभी राहिली बिचारी.

रडले का? सगळे हेच विचारतात. नाही. तार आली तेव्हा पीठ फुगून आलं होतं, ते भट्टीत घातलं. पाव चांगला झाला. रडू येईल म्हणतात पुढं कधीतरी — येईलही. पण मी — तुला का सांगतेय कोण जाणे — मी देवाकडे त्याला वाचव असं मागितलंच नव्हतं. जिभेवर यायचं, आणि वाटायचं, ते तर सगळ्याच आया मागतायत, तिकडच्याही. मग मी मागायची, ह्याच्या हातून कुणी मरू देऊ नकोस. रोज. दुसरं काही नाही. आणि ते त्यानं दिलं. मागितलं तसंच दिलं. तार वाचली तेव्हा आधी मला बरं वाटलं, कळतंय तुला? आधी बरं वाटलं. ह्यांना ठाऊक नाही हे.

पाव तसाच राहिला तुझा. तू पुढं काय करणार, विमानच चालवणार की तुला पण बॉम्ब — नको. नको सांगूस. ते बघ, फाटकाशी गाडी वळली. जा तू. वारा आत येतो, दार ओढून घे.