सातवी 'ब'ची दुसरी रांग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष, माननीय मुख्याध्यापक, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सारे जमलो त्या आपल्या भाषेच्या बाई, सहकारी शिक्षक बंधुभगिनींनो आणि मागे आतापासूनच चुळबुळ करणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी गणित शिकवते, तेव्हा पाच म्हणजे पाच. बाईंच्या शिकवण्याबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी बोलणार आहे शाळेच्या वार्षिक अंकाबद्दल. बावीस वर्षं बाईंनी तो काढला. अंक हातात पडला की आपण काय करतो? आधी स्वतःचा फोटो शोधतो, मग नाक मुरडतो. त्या फोटोंखालची नावं कोण जुळवतं, हा प्रश्न कुणाला पडतो का?

बाईंची एक पद्धत होती. छापखान्यातून कच्ची पानं आली की त्या प्रत्येक वर्गात जायच्या. एकेका मुलानं पुढे यायचं, फोटोतल्या आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं आणि खालचं नाव मोठ्यानं वाचायचं. सगळ्यांची बोटं लागली की मगच सही. पानं परत जायची ती डागांनी मळून, आणि छापखान्याचे काका दरवर्षी वैतागायचे.

अकरा वर्षांपूर्वी ऐन त्या आठवड्यात बाईंच्या आईंचं ऑपरेशन निघालं. मी नवीन, नोकरी अजून कायम व्हायची होती. गठ्ठा माझ्या हातात देत बाई म्हणाल्या, "प्रत्येकाचं बोट लागल्याशिवाय सही करू नकोस हं." मी मान डोलावली. बारा वर्ग केले. तेरावा, सातवी 'ब', मैदानावर होता, आणि छापखान्याचा माणूस दारात घाई करत उभा. मी बाईंच्या वतीनं सही ठोकली.

बाई, तुम्ही थांबायची खूण करताय, दिसतंय मला. आज नाही थांबणार.

तर त्या वर्गाचा फोटो काढताना नावं लिहून झाली, आणि मग एक मुलगी धापा टाकत आली. दुसऱ्या रांगेत मधोमध उभी राहिली. अंकात तिच्या चेहऱ्याखाली शेजारणीचं नाव, शेजारणीच्या चेहऱ्याखाली पुढचीचं, आणि तिचं नाव कुठेच नाही. वडिलांची बदली झालेली, ती शाळा सोडून चालली होती. वडील अंक घेऊन आले. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "पाच वर्षं होती हो ती इथं."

चौकशी बसली. सही कुणाची, हे कुणी विचारलंच नाही, कारण बाईंनी आत जाताच सांगितलं, "संपादक मी आहे." मी दाराबाहेर होते. त्या बाहेर आल्यावर म्हटलं, "बाई, मी जाऊन सांगते."

"वेडी आहेस का? तुला काढून टाकतील. मला फार तर ताकीद देतील. जा, वर्गावर जा."

आणि मी गेले. त्याची मला आजही लाज वाटते.

ताकीद मिळाली, सेवापुस्तकात लिहिली गेली. चार वर्षांनी पर्यवेक्षकपद रिकामं झालं, तेव्हा तोच शेरा वाचून बाईंचं नाव मागे पडलं. पद मला मिळालं. पहिलं अभिनंदन बाईंनी केलं, आणि मी तेही मुकाट्यानं घेतलं.

अध्यक्ष महोदय, घड्याळ पाहू नका, संपतच आलंय. आज पाच वाजता बाईंचं सेवापुस्तक बंद होईल, त्या शेऱ्यासकट. म्हणून हे पत्र मी आपल्या हातात देते आहे. सोबत छापखान्याकडून मागून आणलेलं सातवी 'ब'चं ते पान आहे. त्यावर बोटाचा एकही डाग नाही, फक्त माझी सही आहे. शेरा बाईंच्या पुस्तकातून काढून माझ्या पुस्तकात लिहावा. पर्यवेक्षकपदाचा राजीनामा मागे जोडला आहे.

बाई, रडू नका. मला पुढचं बोलता येणार नाही.

संयोजकांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. त्या पानाचं मात्र पोटात घालू नका. ते अकरा वर्षं बाईंनी घातलं, तेवढं पुरे झालं.