तात्यांनी पुसलेली मोटरसायकल

आमच्या राजुरीच्या घरात माझ्या छंदाला एकदाच मान मिळाला राव, त्याचं सांगतो. प्लॅस्टिकचे बारीक बारीक तुकडे जोडून मी हातभर लांबीची मोटरसायकल बनवलेली. नुसत्या लाल रंगालाच चार महिने गेले. दसऱ्याला वडील, म्हणजे तात्या, ट्रॅक्टर पुसत बसलेले. म्हणाले, "तुझी बी आण पूजेला." मला भरूनच आलं. गाडी त्यांच्यापाशी ठेवली आणि चाकाखाली ठेवायला लिंबू आणायला आत गेलो. बाहेर येतो तर गाडी पांढरीफटक, आणि तात्यांच्या हातातलं पेट्रोलचं फडकं लालभडक.

"तात्या, रंग गेला की सगळा."

"लई कच्चा व्हता. कुणी दिलता?"

"मी."

"तरीच. मला वाटलं, कंपनीनं फसवलं तुला."