पलूकाचा ठोसा

माझं माहेर खडवलीचं, बाप भातशेती करायचा, आणि मला कल्याणला दिलं ते रेल्वेतला नवरा म्हणून, पण हा माणूस दर शनिवारी मार खायला जातो हे कुणी सांगितलं नव्हतं. शेडमध्ये इंजिनांवर कोळसा चढवायचं काम, आणि शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कामगारांच्या क्लबात, बॉक्सिंग. काय सांगू तुम्हाला, ह्यांना जिंकताना मी पाहिलंच नाही. नवा कुणी तयार झाला की त्याची पहिली लढत आमच्या ह्यांच्याशी लावायची, तिथली रीतच होती तशी. शिकवायला डिसोझा मास्तर. ते महायुद्धात अमेरिकन सोल्जरांच्या छावणीत कामाला होते, ते म्हणायचे, अमेरिकेत अशा बॉक्सरला पलूका म्हणतात, म्हणजे अगदीच टाकाऊ नाही, पण चांगला कधी होणार नाही. हे हसायचे. शेजारणी मला पलूकीण म्हणायच्या, मी म्हणू दिलं.

फायदाही होता, खोटं कशाला बोलू. खेळतात म्हणून ह्यांना कोळशावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं, दिवसभर सावलीत. मग डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर उजवाही जाईल. मी म्हटलं, सोडा आता. हे म्हणाले, सोडलं तर परत फावडं. मी म्हटलं, मग निदान हात तरी उचला, समोरचा काय जावई लागतो तुमचा?

पुढच्या शनिवारी समोर शेडच्या साहेबांचा पुतण्या, त्याची पहिलीच लढत, घरची मंडळी खुर्च्यांवर बसलेली. दुसऱ्या फेरीत ह्यांनी एकच ठोसा दिला, पोरगा खाली गेला, दहा आकडे मोजले तरी उठला नाही. टाळी कुणी वाजवली नाही. मास्तर एवढंच म्हणाले, अरे, पलूकाच मारायला लागला तर त्याच्यापुढे नवे गडी उभे कोण करणार?

कुणीच केले नाहीत. महिन्याभरात ह्यांचा खेळ बंद, हे परत कोळशावर. मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीही रडले नाही, दोन भाकऱ्या जास्त थापायला लागले, फावडं मारणाऱ्याला भूक लागते.

आता हे खोकतात, बोटं नीट मिटत नाहीत. पण उजवा कान शाबूत आहे, हाक मारली की वळतात. मी हाक मारते ती जेवायला, दुसरं बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. चालायचंच. तुमचं बरं होवो बाई, चहा घेऊन जा.